विरघळलं का मिसळलं?

जोंधळे सर दुकानाकडं येताना दिसले की मी आधी पाण्याचा ग्लास भरून काउंटरवर ठेवायचो. त्यांना प्यायला नव्हे, माझ्या मालाची परीक्षा घ्यायला. सर बेसनाचा पुडा मागत, मी पुढं करी, आणि ते तिथंच पुडा फोडून चिमूटभर पीठ ग्लासात सोडत. मग शर्टाच्या वरच्या खिशातून, जिथं बाकीचे मास्तर लोक पेन अडकवतात तिथून, चहाचा चमचा काढून ढवळायला लागत. मागं गिऱ्हाईकं खोळंबलेली. कुणाला पूर्णेची गाडी धरायची असे, कुणाचं लेकरू गोळीसाठी रडत असे. सर ग्लास उजेडाकडं धरून, एक डोळा मिटून, तोंडाचा चंबू करून त्या पिवळ्या पाण्याकडं बघत राहत. शेवटी ग्लास माझ्या नाकासमोर आणून विचारत, "सुरेश, विरघळलं का मिसळलं?"

"मिसळलं, सर."

"मंग ठीक हाय."

आणि पुडा काखेत मारून निघून जात. बेसन कुठल्या जन्मी पाण्यात विरघळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, एव्हाना त्या गोळीवाल्या लेकरालाही ठाऊक झालं होतं. तरी दर खेपेला हा तमाशा व्हायचाच. मी मनातल्या मनात चरफडायचो आणि पुसायचं फडकं हातात घेऊन उभा राहायचो, कारण अर्धं पाणी काउंटरवर सांडलेलं असे.

हे वेड नुसतं वेड होतं तोवर आमचं ताडकळस गाव पोट धरून हसलं. पुढं त्या चमच्यावर एका बाईचा जीव येऊन बसला. ती बाई म्हणजे सरांची बायको, सुमनबाई. ते मी सांगणारच आहे, पण सर कळल्याशिवाय ते कळायचं नाही.

सर आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि त्यांच्याच मते फुकट गेलो. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप लावलेलं कपाट होतं, आणि त्याची किल्ली कोणत्या हेडमास्तरांच्या काळात हरवली यावर शिक्षकांत एकमत नव्हतं. सरांनी ते कपाट कधी फोडलं नाही. घरून पिशवीत मीठ, साखर, हळद, तिखट, खायचा सोडा आणायचे आणि आम्हाला ग्लासं घेऊन बसवायचे. मीठ पाण्यात गेलं की दिसत नाही, पण घोट घेतला की आपण असल्याचं सांगतं. साखरेचं तसंच. हळद पाणी पिवळं करते, फार मिरवते, आणि ग्लास जरा वेळ ठेवला की गुपचूप तळाला जाऊन बसते. तिखट आधी वर तरंगतं, मग खाली जातं, आणि हात न धुता डोळे चोळले तर घरी जातं. बेसनाच्या गुठळीवर त्यांचा विशेष राग. ती फोडून दाखवायचे. वरून भिजलेली, आतून कोरडी ठणठणीत. "असली माणसं लय बघितली मी," म्हणायचे.

पोरांनी त्यांचं नाव द्रावण सर ठेवलं. ते त्यांना कळलं तेव्हा ते खूश झाले, त्यामुळे पोरांची मजाच गेली.

रिटायर झाल्यावर हा माणूस सुटलाच. त्याला जगात दोनच प्रकार दिसत. कुणाचं नवं लग्न झालं की विचारणार, विरघळलं का मिसळलं? मुंबईत नवं सरकार आलं, चार पक्षांचं, की पेपर खाली ठेवून तोच सवाल. एकदा माझ्या दुकानापुढच्या बाकावर गावगप्पा चालल्या होत्या, आणि कुणीतरी म्हणालं की आपलं गाव कसं एकोप्याचं आहे, सगळे कसे मिळून मिसळून राहतात. सर म्हणाले, "मिसळून हायत. चमचा हलतोय तवर. चमचा थांबला की ज्याचा त्याचा थर." बाकावरच्या एकानं पेपर उचलून तोंडासमोर धरला. मीही वजनकाटा पुसत बसलो.

सरांना ते बोलायचा अधिकार होता. बौद्धवस्तीतून उठून बाजारगल्लीत घर बांधणारे ते पहिले, आणि ते घर नेमकं आमच्या भिंतीला भिंत लावून. वास्तूच्या दिवशी माझी आई त्यांच्याकडं गेली. चहा घेतला, पाणी घेतलं नाही. चहा उकळलेला असतो, असं तिचं स्वतःचं शास्त्र होतं. सरांनी ते बघितलं आणि मिशीत हसले. सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी आईपुढचा पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या देखत तुळशीसारखं काहीतरी अंगणात होतं त्याला घातला. पुढं वर्षं गेली, वाटीची देवाणघेवाण सुरू झाली, आई त्यांच्या माठातलं पाणी प्यायला लागली, आणि कधीपासून प्यायला लागली हे कुणालाच सांगता येणार नाही. पण तो पहिला तांब्या दोघींनाही आठवत असणार, असं मला नेहमी वाटायचं.

सुमनबाई म्हणजे तिखट जिभेची बाई. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती सगळी जीभ सरांच्या वाट्याला. पाथरीला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात सर जेवणाच्या मंडपामागं सहज फिरायला गेले, तर आचाऱ्यानं उकळत्या ताकात कोरडं बेसन टाकलेलं. कढईत गुठळ्याच गुठळ्या. सरांनी नवा सफारी घातला होता. त्यांनी आचाऱ्याच्या हातातला झारा घेतला आणि कढईपुढं उभे राहिले. एकेक गुठळी शोधून कडेला दाबून मोडत होते. तिकडं लग्न लागलं, फुलं पडली, फोटो झाले, नवरदेवाचे काका कुठं आहेत म्हणून माईकवरून पुकारा झाला. सर सापडले तेव्हा त्यांच्या सफारीवर कढी होती आणि चेहऱ्यावर समाधान. सुमनबाई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या की माझं लग्न या माणसाशी झालंच न्हाई, याचं लग्न पिठाशी झालंय, मी नुसती घर सांभाळायला हाय.

त्या कढीचं मात्र पाथरीत नाव निघालं.

मग एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, सुमनबाई वांग्याच्या ढिगाऱ्यापुढं बसल्या बसल्या एका बाजूला कलंडल्या. लकवा. जीपमध्ये घालून परभणीला नेलं. महिनाभरानं आणलं तेव्हा उजवा हात गेला होता, पाय गेला होता, बोलणं गेलं होतं. आणि बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी आणखी एक गोष्ट गेली होती, ती म्हणजे गिळणं. घशाचे स्नायू ढिले पडले होते. मऊ भाताचा घास कसाबसा उतरे. पाणी मात्र इतकं चटकन घसरे की अन्ननळीऐवजी श्वासनळीत शिरे. डॉक्टरांनी सरांना बसवून सांगितलं होतं की पातळ काही म्हणजे काही द्यायचं नाही. पाणी, चहा, वरण, सगळं दाट करून, चमच्यानं, उतरल्याची खात्री करून मगच पुढचा चमचा. साधं पाणी फुप्फुसात गेलं तर बाई राहणार नाही.

म्हणजे बघा. ज्या माणसानं आयुष्यभर पाण्यात पिठं ढवळली, त्याच्यावर बायकोला पीठ ढवळलेल्या पाण्यावर जगवायची वेळ आली. हे ऐकून गावात कुणी हसलं असेल तर मी त्याला ओळखत नाही.

पाणी दाट करायची तयार पावडर मिळते, पण ती नांदेडहून मागवावी लागे आणि कधी यायची, कधी यायचीच नाही. म्हणून सरांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना हात घातला. मैद्याला कच्च्या कणकेचा वास. तांदळाचं पीठ जमल्यासारखं वाटे आणि चहा संपेपर्यंत तळाशी जाऊन बसे. साबुदाण्याच्या पिठाला तार सुटे, ती घशात अडके. कस्टर्डची पावडर बाईंनी सरांच्या अंगावर थुंकली, त्यावरून ती बाद झाली. शेवटी उरलं आरारूट. गार पाण्यात ते नुसतं मिसळतं. उकळत्या पाण्यात एकदम टाकलं की गुठळ्या. आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात धार धरायची आणि ढवळणारा हात थांबवायचा नाही. पांढरट पाणी बघता बघता निवळतं आणि चमचा जड लागायला लागतो. मग सुती फडक्यातून गाळायचं, निववायचं. काकवीइतकं दाट झालं पाहिजे. त्याहून पातळ झालं तर छातीत, त्याहून घट्ट झालं तर घशात.

हे सगळं मला सरांनी माझ्याच दुकानात, माझ्याच गॅसवर, माझ्याच चहाच्या पातेल्यात करून दाखवलं. मला ते शिकायचं नव्हतं. पण सरांना कुणाला तरी दाखवायचं होतं. पाणी निवळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

एकदा मी परभणीहून आणलेलं आरारूट वेगळंच निघालं. केल्या केल्या दाट, आणि घटका गेली की पाणी. दुपारी सर दुकानात आले, चप्पल न घालता. बाई निळ्या पडेपर्यंत खोकल्या होत्या. त्यांनी उरलेलं पाणी ग्लासात आणलं होतं, ते काउंटरवर ठेवलं. मला वाटलं आता पोटभर शिव्या देतील. ते एवढंच म्हणाले, "सुरेश, हिच्याबाबतीत मला परीक्षा परवडत न्हाई रे." त्यानंतर आरारूटाचा नवा पुडा आला की आधी मी घरी फोडायचो, शिजवायचो, संध्याकाळपर्यंत ठेवायचो आणि मगच सरांकडं पोचवायचो. आमची ही म्हणायला लागली की सर एक होते ते बरं होतं, आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना सर झाले.

सुमनबाईंना ते पाणी आवडायचं का? छे. त्यांची वाचा गेली होती, पण एक शब्द चांगला स्पष्ट यायचा. सरांनी चमचा पुढं केला की त्या म्हणायच्या, "खळ." कपड्याला घालतात ती खळ. सर म्हणायचे, व्हय, खळ, घे. त्या तोंड फिरवायच्या. सर थांबायचे. त्या तोंड उघडायच्या. सर चमचा लावायचे आणि त्यांच्या गळ्याकडं बघत बसायचे. गळ्याची हालचाल झाली, घोट उतरला, की दुसरा चमचा. एक कप चहाला इतका वेळ लागे की तो दोनदा ऊन करावा लागे. सरांनी बाकावर यायचं सोडलं. गावात कुणाचं लग्न विरघळलं आणि कुणाचं मिसळलं याची त्यांना खबर राहिली नाही.

आणि तहान भागत नव्हती. हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पोटात पाणी जात होतं, डॉक्टर समाधानी होते, पण खळीनं तहान भागत नाही. बाई डावा हात उचलायच्या, अंगठा ओठाला लावायच्या आणि ओसरीतल्या माठाकडं बोट करायच्या. दिवसभर. सर समजावून सांगायचे. श्वासनळी कुठं असते, अन्ननळी कुठं असते, पाटीवर चित्र काढून दाखवायचे. बाई चित्र बघायच्या आणि पुन्हा माठाकडं बोट करायच्या.

एके सकाळी सर तो माठ उचलून आमच्याकडं घेऊन आले. आईला म्हणाले, "हा तुमच्याकडं राहू द्या. तिला दिसायला नको."

तेव्हापासून सरांच्या घरात साधं पाणी दिसायचं बंद झालं. बाईंच्या खोलीत कुणी ग्लास घेऊन जायचं नाही, असा दंडकच होता. सरांना तहान लागली की ते भिंतीला वळसा घालून आमच्या ओसरीत यायचे. आई माठातून तांब्या भरून द्यायची. सर उभ्यानंच प्यायचे, मग धोतराच्या सोग्यानं मिशी अगदी कोरडी पुसायचे. ओल्या मिशीनं घरात गेलं तर तिला कळेल म्हणून. आई ते बघत उभी राहायची. आपण ज्या घरी पाणी नको म्हटलं होतं, त्या घरच्या माणसाला रोज तांब्या भरून देताना तिच्या मनात काय येत होतं, ते ती कधी बोलली नाही. पण उन्हाळा लागल्यावर माठाला ओलं फडकं गुंडाळायला ती कुणाला हात लावू देत नसे.

त्या उन्हाळ्यात कमल आली. सुमनबाईंची धाकटी बहीण, जिंतूरकडच्या एका खेड्यात दिलेली. रोजानं जाणारी, काटक, कमी बोलणारी. सरांना औषधांसाठी परभणीला जायचं होतं, तेवढ्यापुरती तिला बोलावून घेतली होती. सरांनी तिला दोन दिवस शिकवलं. काकवी दाखवली, चमच्यावरून पडणारा थेंब दाखवला, ते गळ्याचं चित्रही दाखवलं. कमलला सगळं आलं. सर म्हणाले, पोरगी माझ्या वर्गातल्या निम्म्यांपेक्षा बरी हाय. आणि सकाळच्या गाडीनं गेले.

दुपारी कमल आमच्याकडं आली आणि तांब्याभर पाणी मागितलं. ऊन म्हणजे बाहेर बघवत नव्हतं. आईला वाटलं हिला स्वतःला हवं असेल. आईनं माठातून तांब्या भरला, वर भांडं उपडं ठेवलं आणि दिला. कमल तो घेऊन घरात गेली.

पुढचं मला कमलनंच नंतर सांगितलं, रडत नव्हे, सपाट आवाजात. त्यांच्या आईला लहानपणी गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. रिकामी घागर घेऊन काठापासून लांब उभं राहायचं, आणि वरची कुणी बाई आली, तिला दया आली, तर ती वरून ओतायची. कधी यायची, कधी दुपार व्हायची. त्या माउलीनं पुढं आपल्या घरात एकच नेम केला होता. पाणी मागणाऱ्याला थांबवायचं नाही. कोण हाय ते बी इचारायचं नाही, आधी पाणी द्यायचं. दोघी बहिणी त्यावर वाढल्या.

"मला सगळं म्हाईत होतं, भाऊ," कमल म्हणाली. "दाजीनं चित्र दावलं होतं. पन ती माज्याकडं बघून पानी मागायली, आन् मी किती येळ न्हाई म्हनू? आईला उभं केलं तसं हिला उभं करायले, असं वाटलं बगा."

सुमनबाईंनी डाव्या हातानं तांब्या स्वतः धरला. गटागटा पाणी प्यायल्या. गळ्यावरून ओघळ पदरापर्यंत आला. आणि मग ठसका लागला, तो थांबलाच नाही.

संध्याकाळी सर आले तोवर ताप चढला होता. रात्रीच परभणीला नेलं. फुप्फुसात पाणी, मग त्याचा न्यूमोनिया, मग श्वासाचं यंत्र, आणि मग एक दिवस बाई गाडीतून परत आल्या त्या तशाच. मी स्मशानात होतो. सर कुठंच रडले नाहीत. कुणाशी बोललेही नाहीत.

गल्ली मात्र बोलत होती. सख्ख्या बहिणीनं मारलं, असं सरळ म्हणत होते. अडाणी बाईच्या भरवशावर सोडून जायचंच कशाला, असंही म्हणत होते. कमलला ते ऐकू जात होतं. ती मागच्या पडवीत बसून राहायची, जेवायची नाही, आणि पाण्याला तर शिवायचीच नाही. आई तिच्यासाठी तांब्या घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. सर तिच्याकडं बघायचे नाहीत. तिच्यावरून नजर जायची, पण थांबायची नाही. पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्धांतलं मयतीनंतरचं कार्य, झालं की ती जिंतूरची गाडी धरणार होती आणि पुन्हा या दारात येणार नव्हती, असं तिनं आईला सांगितलं होतं. आई मला म्हणाली की सरांनी एक शब्द बोलायला पाहिजे, शिवी का होईना. ही पोरगी अशीच गेली तर जिती राहायची न्हाई.

मला ते आईच्या तोंडून ऐकवेना, कारण तांब्या तिनंच भरून दिला होता.

मी बौद्धांच्या घरी मयतीला पूर्वी गेलो होतो, पण पुण्यानुमोदनातल्या जलदान विधीला बसलो ते पहिल्यांदा. अंगणात मांडव, पांढरे कपडे, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, सुमनबाईंचा लग्नातला फोटो मोठा करून ठेवलेला. भंतेजी परभणीहून आले होते. वंदना झाली, पंचशील झालं. मग एक ताट पुढं ठेवलं, ताटात एक वाटी, आणि बाजूला पाण्यानं भरलेला तांब्या. भंतेजींनी आमच्यासारख्यांसाठी समजावून सांगितलं. ते गाथा म्हणतील तोवर घरच्यांनी मिळून तांब्यातलं पाणी संथ धारेनं वाटीत ओतायचं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत. घरच्यांनी केलेलं पुण्य गेलेल्या माणसापर्यंत असं पोचवायचं.

घरच्यांनी पुढं यावं, असं ते म्हणाले. सर एकटेच उठून ताटापुढं बसले. चुलत भाऊ, पुतणे मागं सरकून बसलेले होते, आधी कुणी उठायचं हे ठरेना. कमल मांडवाच्या पार कडेला, पदर डोळ्यांवर ओढून, मेढीला टेकून बसली होती.

सरांनी तांब्या उचलला. आत बघितलं. नितळ, साधं पाणी. ते इतका वेळ बघत राहिले की मला भीती वाटली. माझ्या शेजारचा माणूस माझ्या कानात पुटपुटला की आता खिशातून चमचा काढतोय बघ. तो चेष्टेनं म्हणाला नव्हता, त्यालाही भीतीच वाटत होती.

सरांनी तांब्या खाली ठेवला आणि मागं वळून हाक मारली. "कमल, इकडं ये. तू धर."

कमलनं नुसती मान हलवली. बायकांत कुजबुज झाली. सर पुन्हा म्हणाले, ये म्हणून. ती उठेना, तेव्हा माझी आई उठली, बायकांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेली, काखेत हात घालून तिला उभी केली आणि ताटापर्यंत आणून सरांच्या शेजारी बसवली. मग आईही तिथंच, तिच्या पाठीशी बसली. ती घरची नव्हती, पण तिला कुणी उठवलं नाही.

आता सर बोलणार, असं आम्हाला वाटलं. ते बोलले, पण विचारल्यासारखं. वर्गात एखाद्या पोराला प्रयोगात काय दिसलं ते विचारायचे, अगदी त्या आवाजात.

"कशी पिली ती?"

कमलला कळेना. सर म्हणाले, "त्या दिशी. मी नव्हतो. मला सांग कशी पिली."

तिनं डोळ्यांवरचा पदर मागं सारला. मग म्हणाली, "समदा तांब्या पिली, दाजी. खाली ठिवलाच न्हाई."

"मंग?"

"मंग तांब्या उलटा करून मला दावला. आन् हासली."

सरांच्या तोंडाचा चंबू झाला, बेसनाचा ग्लास उजेडाकडं धरल्यावर व्हायचा तसा. डोळे भरून आले. भर मांडवात, सगळ्या भावकीसमोर आणि सगळ्या गल्लीसमोर ते तिला म्हणाले, "मी तिला खळ पाजली, कमल. एवढे दिवस खळच पाजली. पाणी तूच दिलंस."

कमल तेव्हा पहिल्यांदा रडली. सरांनी तिचा हात ओढून तांब्याला लावला, आपला हात त्यावर ठेवला, आणि भंतेजींकडं बघून मान हलवली. गाथा सुरू झाली.

धार धरायची असते, असं भंतेजींनी सांगितलं होतं. सरांना धार धरता येईना. ते तांब्या किंचित कलता करायचे, चमचाभर पाणी वाटीत पडलं की सरळ करायचे आणि थांबायचे. सुमनबाईंच्या फोटोकडं बघायचे, फोटोतल्या गळ्याकडं. मग पुन्हा कलता करायचे. कमलचा हात त्यांच्या हाताखाली तसाच चालत होता. पुतण्यानं खुणेनं सांगून बघितलं, पण सरांचं लक्ष नव्हतं.

गाथा संपली तेव्हा वाटी अर्धीही भरली नव्हती. भंतेजींनी सरांच्या हाताकडं पाहिलं, थोडा वेळ थांबले, आणि गाथा पहिल्यापासून म्हणायला लागले.